उमेदवार काउंटरवर बसले आहेत

माणसानं अपमान कुठंही गिळावा, पण मंडपवाल्यासमोर गिळू नये, असं देवानंद दिघोरेचं पक्कं मत झालं ते कोंढ्याच्या आरोग्य शिबिरात. शिबिराला औषधं देवानंदच्या दुकानातली, पुड्या बांधायला देवानंद, रांग सरळ करायला देवानंद, आणि साउंडवाल्याचं स्वतःच्याच साउंडनं डोकं दुखलं तेव्हा त्याला गोळी द्यायलाही देवानंदच. अन् मंचावर कोण? सरपंच, पोलीस पाटील, दोन निवृत्त गुरुजी आणि मंडपवाला. हो, मंडपवाला! ज्याच्या कापडाला भोक होतं आणि त्या भोकातलं ऊन दिवसभर डॉक्टरसाहेबांच्या टकलावर पडत होतं, तोच. सूत्रसंचालकानं त्याला शाल पांघरताना घसा खाकरून सांगितलं, "मंडप-डेकोरेशन संघटनेचे तालुका अध्यक्ष!" टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालक इकडंतिकडं पाहत म्हणाला, "आणि ज्यांनी गोळ्या वाटल्या ते आपले मेडिकलवाले, त्यांचेही आभार." नावसुद्धा घेतलं नाही मेल्यानं.

"बी.फार्म. आहो मी," देवानंद त्या संध्याकाळी बायकोला म्हणाला. "घासून घासून पास झालो. त्यानं काय केलं? खुट्या ठोकल्या!"

"पण अध्यक्ष आहे ना थो," ज्योत्सना म्हणाली. ती दुकानाचा हिशेब मिटवत होती आणि तिला वाटलं, आपण नुसती माहिती दिली.

"तं मी बी होऊन दाखवतो अध्यक्ष!"

अंगणात जाळं शिवत बसलेल्या केवळरामनं मान वर केली. म्हाताऱ्याची सारी हयात तलावातल्या मासोळ्या धरण्यात गेली होती, त्यामुळं कुठलीही गोष्ट तो आधी पाण्यात उतरवून बघायचा. "अध्यक्ष होऊन काय भेटते रे देवा?"

"मान भेटते, बाबा."

"शिजवून खाता येते?"

मानाची चव बापाला कशी सांगणार?

इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, म्हणजे पुढचा घोटाळा ध्यानात येईल. मेडिकल दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असला पाहिजे, असा नियम आहे. किराणावाला उठला की बायको बसते, कटलरीवाला उठला की भाचा बसतो. फार्मासिस्टला उठता येत नाही. आत्या वारो, मेहुणीचं लग्न असो, नाहीतर नुसतीच पाठ आखडो, काउंटरमागं त्यानंच बसायचं. म्हणून जिल्ह्यातल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोत फार्मासिस्ट सापडत नाही. दिघोऱ्यांच्या घरी मात्र नवराही फार्मासिस्ट आणि बायकोही. एक उठला की दुसरा बसतो. हे सुख आसपास कोणाच्याच नशिबी नव्हतं, आणि ह्याच सुखानं देवानंदचा घात केला.

जिल्हा फार्मासिस्ट संघटनेचे अध्यक्ष होते संघपाल रामटेके, भंडाऱ्याचे. वर्षानुवर्षं तेच. माणूस गोड, पण अध्यक्ष होण्याचं खरं कारण गोडवा नव्हे. संघटनेची सभा त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भरायची. संघपाल मागं वळले की सभा, पुढं वळले की दुकान. दुसऱ्या कोणी उभं राहायचं तर आधी आपल्या दुकानातून उठायला हवं, अन् उठणार कोण? निवडणूक म्हणून अशी कधी झालीच नव्हती.

अर्ज भरायचा तर सदस्यत्वाचा दाखला लागत होता, आणि दाखल्यावर अध्यक्षांची सही-शिक्का. म्हणजे ज्याला पाडायचं त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं. देवानंद गेला. संघपालनं हसून स्वागत केलं, सहीही लगेच केली.

"शिक्का तेवढा घरी राह्यला, देवाभाऊ. असं करा, तुमी दोन मिनिटं बसा इथी. मी हा गेलो अन् हा आलो."

देवानंद काउंटरमागं बसला. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं खोकल्याची औषधं दिली, मग मलम दिलं, मग एका बाईला डोळ्यातल्या थेंबांचा उपयोग समजावून सांगितला. दुपार कलली. संघपाल परतले तेव्हा त्यांचे केस कापलेले होते, दाढी गुळगुळीत होती आणि कानशिलावर पावडर होती.

"बाप्पा!" ते आरशात पाहत म्हणाले. "दिवाळीपासून कटिंगले जाऊ जाऊ करून रायलो होतो. लय बरं वाटलं भाऊ. घ्या तुमचा शिक्का." शिक्का त्यांनी खिशातून काढला. तो सकाळपासून तिथंच होता की काय, हे देवानंदनं सभ्यपणानं विचारलं नाही.

घरी आल्यावर शेजारचे गुलाबराव वाटच पाहत होते. गुलाबराव जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि युनियनच्या निवडणुकीत भिंतींवर पोस्टरं चिकटवल्यामुळं राजकारणातले आपण शेवटचे जाणकार उरलो आहोत अशी त्यांची समजूत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सल्ला द्यायला बोलवावं लागतं का कुठं?

"दो चीज," ते खुर्ची ओढत म्हणाले. "एक, नारा. दुसरं, घरोघरी भेट. वोटरच्या सुखात नाही गेलं तं चालते, पण त्याच्या दुःखात बसाचं. वोटर थे कधीच विसरत नाही."

नारा देवानंदला लगेच सुचला, कारण सगळ्यांचं दुःख तेच होतं. "फार्मासिस्टलाही रविवार!" निवडून आलो तर आठवड्याला एक सुट्टी मिळवून देऊ, असा एकच कलम असलेला जाहीरनामा. गुलाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्योत्सनानं विचारलं, "कशी मिळवून देणार?" दोघांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं पुढं काही विचारलं नाही.

मग फ्लेक्स झाला. फ्लेक्सवाल्यानं देवानंदचा चेहरा उजळ केला, त्याला न विचारता कोट घातला आणि कोटाच्या शोभेला गळ्यात स्टेथोस्कोपही अडकवला. लगेच संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हरकत आली, फार्मासिस्ट डॉक्टर कधीपासून झाला? आचारसंहितेचा भंग! आता नवा फ्लेक्स कोण करणार? फ्लेक्सवाल्यानं तोडगा काढला. स्टेथोस्कोपवर त्यानं झेंडूच्या हाराचं स्टिकर बरोबर चिकटवलं. आता फोटोतला देवानंद कोटात, हारात, मंद हसत होता. दुसऱ्या दिवशी लाखनीहून एका मतदाराचा ज्योत्सनाला फोन आला, "वैनी, भाऊ कसे गेले वो? काल तं ग्रुपवर होते."

इतकं झाल्यावर माणसानं समजून घरी बसायला पाहिजे. पण ज्याला घरी बसता येतं तो निवडणुकीला उभा कशाला राहील?

पहिली भेट एकोडीला, तृप्ती मेश्रामकडे. तृप्ती तरुण, हुशार, आणि एकटीनं दुकान चालवणारी. डोळ्यांखाली काळं झालेलं. देवानंदनं जाहीरनामा पुढं केला. तिनं तो वाचला, दोनदा वाचला आणि मग अगदी अवघडून म्हणाली, "दादा, रविवारचं मंग पाहू. आज आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे साकोलीले. दोन घंटे बसता का?"

गुलाबरावांचं वाक्य देवानंदच्या कानात घुमलं. दुःखात बसाचं. तो बसला. दोन घंट्यांचे किती झाले ते सोडा, पण तृप्ती परतली तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले. "मत तुमालेच, दादा. दुसरा विचारच नाही."

देवानंद मोटारसायकलवर शीळ घालत घरी आला. त्याला वाटलं, राजकारण सोपं आहे.

रात्रीतून बातमी जिल्हाभर पसरली. बातमी अशी नव्हती की दिघोरे उभे आहेत. बातमी अशी होती की दिघोरे बसतात. सकाळपासून फोन सुरू झाले. "भाऊ, प्रचाराले कधी येता आमच्याकडे?" असं प्रेमानं विचारायचे लोक, आणि लगेच "मंगळवारी आले तं बरं होईल, मंगळवारी बारसं आहे." जो तो मतदार प्रचाराची तारीख स्वतःच ठरवून द्यायला लागला. असा आग्रह कुठल्या उमेदवाराच्या वाट्याला आला असेल? देवानंदची छाती फुगली. ज्योत्सनानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या, कारण एका गुरुवारी एकाच वेळी दोन गावांत उमेदवार अपेक्षित होता.

"प्रचार करून रायले का ड्युटी?" तिनं विचारलं.

"जनसंपर्क म्हणतात ह्याले."

"मंग पाय कायले सुजले?"

पाय सुजले होते खरे. ह्यात जवाहरनगरच्या हेमराजचा वाटा मोठा. हेमराजचं दुकान फॅक्टरीच्या वस्तीजवळ. वय उलटून चाललं तरी लग्न जमत नव्हतं, आणि त्याचं कारण त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा देवानंदला भरूनच आलं.

"काय सांगू भाऊ, मले कुठी जाता येत नाही म्हणून पोरीकडचे दुकानातच पाहाले येतात. दोन जागचे आले. दोन्हीकडून निरोप एकच, पोरगा चांगला आहे पण सारा वेळ बसूनच होता, पायात काही खोट तं नाही? आता तिसरी जागा आली आहे. ह्या वेळी मी चालत जाऊन दाखवतो म्हणतो."

एवढं ऐकून कोण नाही म्हणेल? हेमराज नवीन बूट घालून मुलगी पाहायला गेला आणि देवानंद त्याच्या काउंटरमागं गेला. तिथं गेल्यावर कळलं की प्रत्येक फार्मासिस्टची फळ्या लावायची रीत वेगळी, आणि ती ज्याची त्यालाच कळते. तृप्तीकडं सगळं अक्षरवार. हेमराजकडं शरीरवार! डोक्याची औषधं सगळ्यात वर, त्याखाली डोळे-कान, मधल्या फळ्यांवर छाती, मग पोट, आणि भेगांचं मलम थेट जमिनीला टेकलेलं. तापाची गोळी कुठं असावी? ताप तर अंगभर असतो. देवानंदनं स्टूल चढून, वाकून, गुडघ्यांवर बसून सगळं शरीर धुंडाळलं. तेवढ्यात संध्याकाळच्या बसगाड्या आल्या आणि अख्खी शिफ्ट दुकानासमोर उतरली.

"माहं नेहमीचं द्या."

"तुमचं नेहमीचं काय आहे?"

"हेमराजभाऊले मालूम आहे ना."

"मले पांढरी गोळी. गोल. मधात रेघ."

"अहो, अशा लय गोळ्या असतात!"

"हेमराजभाऊ बराबर देतात. कुठी गेले थे?"

"पोरगी पाहाले."

गर्दीत टाळ्या वाजल्या. एका म्हाताऱ्यानं देवानंदचा हात धरून म्हटलं, "बसा भाऊ, आमी थांबतो. घाई नाही." हेमराजचं लग्न जमलं. मग साखरपुडा, मग बस्ता, मग पत्रिका वाटणं. प्रत्येक शुभकार्याला देवानंदला पहिलं आमंत्रण, आणि प्रत्येक शुभकार्य त्यानं हेमराजच्या काउंटरमागून ऐकून साजरं केलं.

एव्हाना लोकांची भीडही चेपली. आधी ऑपरेशन, मयत, बारसं अशी कारणं असायची. मग नुसतंच "जरा काम आहे." तृप्तीनं दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा देवानंदनं काळजीनं विचारलं, "आई बरी आहे ना?"

"आई मस्त आहे. मले झोपाचं आहे, दादा," ती म्हणाली. दुकानाच्या वरच घर होतं. ती वर जाऊन झोपली. खाली उमेदवार हळू आवाजात गिऱ्हाइकांशी बोलत राहिला, मतदाराची झोप मोडू नये म्हणून.

इकडं कोंढ्यात त्याच्या स्वतःच्या दुकानात ज्योत्सना एकटी बसत होती, आणि लोक उघडउघड म्हणायला लागले होते की वैनीच्या हाताला गुण जास्त आहे. देवानंद एकदा चुकून घरी सापडला तेव्हा एका गिऱ्हाइकानं त्याला पाहून विचारलं, "वैनी नाही का? मंग मी उद्या येतो."

केवळरामनं जाळ्याची गाठ मारता मारता फक्त एवढंच म्हटलं, "मासोळी गळाले लागली का गळ मासोळीले, थेच समजून नाही रायलं मले."

पण कळस पुढंच होता. आजवर बिनविरोध अध्यक्ष झालेल्या संघपालांनाही आता प्रचाराला निघणं भाग होतं. आणि निघायचं तर काउंटरवर कोण? त्यांचा फोन आला तेव्हा देवानंदला आधी वाटलं, माघार घेतात.

"देवाभाऊ, मले पवनीकडे प्रचाराले जाचं आहे. येता का बसाले?"

"अवो, पण तुमी माह्याच विरोधात प्रचाराले जाऊन रायले!"

"हो, बराबर आहे. पण लोक काय म्हणतील? साऱ्यायच्या दुकानात बसते, रामटेकेच्याच नाही बसत. राजकारण आणलं म्हणतील. तुमचंच नाव खराब होईल, भाऊ. मले आपलं तुमच्यासाठी वाटते."

देवानंदनं गुलाबरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "शत्रूच्या किल्ल्यात घुसाचा मौका आहे!" तो घुसला. दिवसभर त्यानं किल्ल्यात लहान पोरांची जंताची औषधं विकली, आणि त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर संघपालचा भलामोठा फोटो, खाली "पुन्हा एकदा रामटेकेच!" अशी अक्षरं. कोणीतरी ते दृश्य मोबाइलमध्ये टिपून ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "दिघोरे यांचा रामटेके यांना जाहीर पाठिंबा. मनाचा मोठेपणा!" खुलासा करता करता देवानंदचा अंगठा दुखायला लागला. त्याच्या प्रत्येक खुलाशाखाली लोक हात जोडल्याचं चित्र टाकत होते आणि विचारत होते, शनिवारी मोकळे आहात का?

तरी त्याचा धीर सुटला नाही. एक विचार त्याला धरून होता. ह्या लोकांच्या अडीनडीला आपण उभे राहिलो, म्हणजे बसलो, आणि ते ही जाण ठेवतील. निवडून आलो की पुन्हा कोणी आपल्याला "गोळ्या वाटणारे मेडिकलवाले" म्हणून उरकून टाकणार नाही. पूर्ण नाव घेतील, आणि नावामागं पद. एवढंच तर पाहिजे होतं बिचाऱ्याला. जग जिंकायला तो निघाला नव्हता.

मतदान संघपालच्या मागच्या खोलीत झालं, आणि तेवढ्यासाठी जिल्ह्यातली मेडिकल दुकानं अर्धा दिवस बंद ठेवली होती. ओआरएसच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडून मतपेटी केली होती. मतदार येत होते आणि येणारा प्रत्येक जण देवानंदला छातीशी धरत होता. "तुमच्यासारखा माणूस नाही." "आमच्या घरचेच तुमी." हेमराज तर वाकून पाया पडला. तृप्तीच्या डोळ्यांखालचं काळं पार गेलं होतं. ज्योत्सना नवी साडी नेसून मत द्यायला आली होती. गुलाबरावांना मत नव्हतं, तरी ते बाहेर पेढ्यांचा पुडा धरून उभे होते.

खोकं उलटं केलं. चिठ्ठ्या उघडल्या. संघपालचा ढीग वाढत गेला, वाढत गेला आणि घसरून टेबलाखाली सांडायला लागला. देवानंदची मतं एका मुठीत मावली, अन् मूठ मिटूनही जागा उरली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं. ज्योत्सनाचं त्यात होतं की नाही, हे विचारायची हिंमत त्याला आजपर्यंत झालेली नाही.

गुलाबराव आत आले, ढिगाकडं पाहिलं आणि पेढ्यांच्या पुड्याला पुन्हा दोरा बांधला.

देवानंद उभा राहिला. त्याला काहीतरी थोर बोलायचं होतं, खेळाडूवृत्तीचं. पण तोंडून निघालं ते एवढंच, "काहून? मी काय कमी केलं गा तुमच्यासाठी?"

सगळे खाली बघायला लागले. शेवटी तृप्तीच बोलली. "कमी नाही, दादा. लय केलं. म्हणूनच तं."

"म्हणूनच काय?"

"तुमी अध्यक्ष झाले असते तं तुमाले कोण म्हणलं असतं, या अन् काउंटरवर बसा? अध्यक्षाले असं म्हणता येते का? बरं दिसते का थे?"

"अन् माहं लग्न अजून व्हाचंच आहे, भाऊ," हेमराज काकुळतीला येऊन म्हणाला. "तुमी मीटिंगांत गेले तं मी बोहल्यावर कसा चढू?"

मागून लाखनीवाला म्हणाला, "जाहीरनाम्यात रविवार देतो म्हटलं होतं. थो तं आमाले भेटूनच रायला. मंग मत कायले खर्च कराचं? अध्यक्ष कोणी बी होते, भाऊ. तुमच्यासारखा माणूस त्या पदात वाया घालवाचा काय?"

म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. इथं गरज सरलीच नव्हती, म्हणून त्यांनी वैद्याला जपून ठेवलं होतं. सगळे खरं बोलत होते, हीच तर पंचाईत. कोणी बेइमानी केली असती तर देवानंदला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो बाहेर आला, मोटारसायकलला किक मारली आणि भंडारा सुटेपर्यंत डोळे पुसत राहिला. त्याला खरंच फार वाईट वाटलं होतं.

घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "आजपासून कोणाच्याच काउंटरवर जाणार नाही. कोणी मेला तरी नाही." फोन बंद करून त्यानं तांदळाच्या डब्यावर ठेवला. लोक मग ज्योत्सनाला फोन करू लागले. ती सगळ्यांना सांगायची, "थे रुसले आहेत." एकानं विचारलं, "बुधवारपर्यंत रुसवा निघन का?"

बुधवार गेला, आणि शुक्रवारी रात्री, दुकानं मिटल्यावर, दारात गाडी थांबली. गाडीतून संघपाल उतरले, मागून तृप्ती, हेमराज आणि आणखी चारपाच जण. हातात शाल आणि नारळ. देवानंद घरात जायला लागला, पण केवळरामनं त्याचा शर्ट मागून धरला.

"देवाभाऊ," संघपाल म्हणाले, "कार्यकारिणीनं एकमतानं तुमाले उपाध्यक्ष नेमलं. नाही म्हणू नका."

शाल खांद्यावर पडली. हेमराजनं टाळ्या वाजवल्या, आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. कोणीतरी ओरडलं, "जिल्हा उपाध्यक्ष देवानंद केवळराम दिघोरे!" पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि नावामागं पद. देवानंदनं इतके दिवस जपलेला राग शोधून पाहिला, तर तो अंगात कुठंच सापडेना. त्यानं हात जोडले. गुलाबरावांनी पेढे काढले. ते मतदानाच्याच दिवसाचे होते की काय, कोण जाणे.

ज्योत्सनानं सगळ्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, "उपाध्यक्षाले काम काय असते, काकाजी?"

"काही नाही, पोरी," संघपाल बशीत चहा ओतत म्हणाले. "घटनेत एकच ओळ आहे. अध्यक्षांच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष त्यांचं काम सांभाळतील."

"अन् तुमचं काम म्हंजे?"

संघपालनं चहाचा घोट घेतला आणि आढ्याकडं पाहिलं. "आता असं आहे, येत्या सोमवारी मले राज्य अधिवेशनाले पुण्याले जाचं आहे."

ज्योत्सना जी हसत सुटली ती पदर तोंडाला लावून आत पळाली. हेमराजनं घाईघाईनं सांगून टाकलं की कार्यकारिणीतले सदस्यही पदाधिकारीच असतात, त्यांच्या गैरहजेरीलाही तीच ओळ लागू आहे, आणि लग्नाची तारीख धरली आहे. देवानंदनं शालीचं टोक घट्ट धरून एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सगळे भोळेपणानं हसत होते. शाल परत करावी का, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण रस्त्यावर शेजारी उभे होते आणि शाल ऊबदार होती.

सोमवारी सकाळी भंडाऱ्यात संघपालच्या काउंटरमागं देवानंदनं पिशवीतून एक चकचकीत पाटी काढली. कालच करून घेतलेली. "देवानंद केवळराम दिघोरे, उपाध्यक्ष." गिऱ्हाइकाला वाचता येईल अशी ती त्यानं कफ सिरपच्या बाटल्यांपुढं नीट उभी केली, रुमालानं पुसली आणि ताठ बसला.

पहिलंच गिऱ्हाईक शकुनबाई नावाची एक म्हातारी. तिनं गोळ्यांची पट्टी पुढं केली. "का गा भाऊ, हे जेवणाच्या आधी घ्याचं का मंग?"

"भाऊ नाही, आजी. उपाध्यक्ष."

म्हातारीनं पाटीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पदर सावरून, मान देऊन विचारलं, "बरं बाप्पा. उपाध्यक्षसाहेब, हे जेवणाच्या आधी घ्याचं का मंग?"

"जेवल्यावर," उपाध्यक्ष म्हणाले.